गाडीचा संगणक बदलण्यापूर्वी

मोटारदुरुस्ती हा आपल्या समाजातील कारागिरांचा जुना धंदा. कार्बोरेटर कानाने जुळवणारे उस्ताद आजही गावोगावी आहेत. परंतु २००० साली मारुती ८०० मध्ये एमपीएफआय इंजिन आले आणि पेट्रोल किती सोडावे, ठिणगी केव्हा पाडावी हे ठरविण्याचे काम एका ॲल्युमिनियमच्या डबीकडे गेले. तिला ईसीएम म्हणतात. बोलीत आपण 'गाडीचा संगणक' म्हणू. या गाड्या आता जुन्या झाल्या, शहरातून खेड्याकडे आल्या आणि त्यांचे दुखणे आपल्या दारात येऊन उभे राहिले आहे.

समजा, अवसरी बुद्रुकच्या एखाद्या शेतकऱ्याची जुनी ८०० मंचरच्या बाजाराहून परतताना रस्त्यात बंद पडली. सेल्फ फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही. मिस्त्री प्लग बघतो, पंप बघतो आणि शेवटी म्हणतो, "ईसीएम गेला." हा निकाल फार स्वस्तात दिला जातो. त्याची किंमत मात्र गिऱ्हाईक मोजतो, कारण जुन्या गाडीच्या मानाने नवा ईसीएम फार महाग पडतो. शिवाय दोष दुसरीकडेच निघाला तर पैसे गेले आणि गाडी तिथेच. म्हणून ईसीएम हा सर्वांत शेवटचा संशयित धरावा.

सुरुवात बॅटरीपासून करावी. किल्ली चालू केली की चेक इंजिनचा दिवा लागला पाहिजे. तो लागलाच नाही तर ईसीएमला वीज पोहोचत नसावी. आधी दिव्याचा बल्ब शाबूत आहे ना ते बघून मग फ्यूज, मेन रिले आणि कपलरच्या पिना तपासाव्यात. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी आणि गॅस किट बसविताना कापून टेपने गुंडाळलेले जोड ही आपल्या भागातील नेहमीची दुखणी. किटवाला इंजेक्टरच्या वायरीत हात घालतो, दोन पावसाळ्यांनी तो जोड हिरवा पडतो आणि दोष ईसीएमच्या माथी बसतो.

यानंतर अर्थिंग. येथे बहुतेक जण चुकतात, कारण ते ओहममध्ये मोजतात. एका तारेचाही धागा शिल्लक असेल तर ओहममीटर ठीक दाखवतो. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवावा. एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर आणि दुसरे, कपलर जोडलेलाच ठेवून, ईसीएमच्या अर्थ वायरीवर मागील बाजूने लावावे. मग सोबत्याला सेल्फ मारायला सांगावे. आकडा साधारण ०.२ व्होल्टच्या आत राहिला पाहिजे. ०.८ किंवा ०.९ दिसला तर इंजिनवरचा अर्थ उघडून, घासून, घट्ट करावा. कित्येक 'मेलेले' ईसीएम एवढ्यानेच जिवंत होतात. या कामाला जुना बल्बवाला टेस्टर मात्र वापरू नये. तो जास्त करंट ओढतो आणि ईसीएममधील नाजूक भाग जाळू शकतो.

तिसरी तपासणी पाच व्होल्टची. थ्रॉटल सेन्सरच्या तीन वायरींपैकी एकीवर किल्ली चालू असताना पाच व्होल्ट मिळतात. तेथे शून्य दिसले म्हणून निकाल देऊ नये. हीच वीज बहुधा इतर सेन्सरांनाही जाते, त्यामुळे एक सेन्सर आतून शॉर्ट झाला की सगळेच गप्प होतात. सेन्सरचे कपलर एकेक करून काढत जावे. एखादा काढताच पाच व्होल्ट परत आले तर चोर सापडला. सगळे काढूनही आले नाहीत आणि वायरी शाबूत निघाल्या, तरच संशय ईसीएमवर घ्यावा.

स्कॅनरविषयी एक इशारा. आपल्याकडे ओबीडीची सक्ती २०१० पासून भारत स्टेज ४ बरोबर आली. त्याआधीच्या गाड्यांत प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी असू शकते. बाजारातला स्वस्त स्कॅनर लावला आणि तो काही बोलला नाही, एवढ्यावरून ईसीएम मेला असे होत नाही.

आता धरू की ईसीएम खरोखरच जळाला आहे. मग तो का जळाला? हा प्रश्न न विचारता दुसरा बसविला तर तोही जळतो. इग्निशन कॉइल किंवा इंजेक्टर आतून शॉर्ट असेल तर त्याला चालविणारा ट्रान्झिस्टर जातो. अशा गाड्यांच्या इंजेक्टरचा रोध बहुधा १२ ते १६ ओहम असतो. दोन-तीन ओहम दिसले तर तोच गुन्हेगार. अल्टरनेटर १५ व्होल्टच्या वर चार्ज करतो का तेही बघावे. बॅटरी उलटी जोडणे आणि बॅटरी न सोडवता बॉडीला वेल्डिंग करणे ही आणखी दोन कारणे. वेल्डिंगवाल्या बांधवांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

"दुसऱ्या गाडीचा लावून बघतो" ही सवय म्हणूनच धोक्याची. कॉइल शॉर्ट असेल तर दोन गाड्या बंद पडतात, आणि त्यातली दुसरी ज्याची, त्याला कुणी विचारलेलेही नसते. गाडी गॅरेजमध्ये असते तेव्हा ती अमानत असते. माझ्या मते न तपासता लावलेल्या ईसीएमचे नुकसान मिस्त्रीनेच सोसावे, गिऱ्हाईकाच्या बिलात टाकू नये.

जुना ईसीएम भंगारातून घ्यायचा तर लेबलवरील पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवावा. डबी सारखी, कपलर सारखा, पण आतला प्रोग्राम वेगळा, असे होते. मारुतीच्या ज्या गाड्यांत आयकॅट्स, म्हणजे किल्लीतील चिपवर चालणारा चोरीविरोधी बंदोबस्त आहे, तेथे दुसऱ्या गाडीचा ईसीएम तसाच बसवून इंजिन चालत नाही. किल्लीची जुळणी करावी लागते. ती करून देणारा आधी शोधावा, माल मग घ्यावा. बिलाशिवाय तर घेऊच नये. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसे समजण्यास कारण असूनही जो घेतो, तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली येतो.

विकणाऱ्यानेही सांगावे की डबी पाण्यात गेलेली होती का, उघडलेली होती का. धान्याच्या ढिगात आत ओल सापडली तेव्हा रसूलुल्लाह (स.) यांनी व्यापाऱ्याला ती वर, लोकांना दिसेल अशी का ठेवली नाही, असे विचारले होते. ईसीएमची ओल तर डोळ्यांना दिसतच नाही. फिकहमध्ये अशा लपलेल्या दोषासाठी गिऱ्हाईकाला 'खियारे ऐब', म्हणजे माल परत करण्याचा हक्क दिला आहे. परतीची मुदत कागदावरच लिहिलेली बरी.

पुष्कळ ईसीएम दुरुस्तही होतात. सुकलेले कपॅसिटर, सुटलेले डाग, पाण्याने खाल्लेली तांब्याची रेघ, ही मोबाईलचे बोर्ड दुरुस्त करणाऱ्या आपल्या मुलांच्या हातातलीच कामे आहेत. अवसरी खुर्दला २००९ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि तेथे ऑटोमोबाईल शाखाही आहे. ज्या घरात एक भाऊ गॅरेजवर आणि दुसरा मोबाईलच्या दुकानात आहे, तेथे या धंद्याची निम्मी तयारी झालेलीच आहे.

बसवताना किल्ली बंद करून आधी बॅटरीचे ऋण टोक सोडवावे, काही मिनिटे थांबावे आणि पिनांना बोट लावू नये. इंजिन सुरू झाल्यावर पहिले काही मिनिट आयडल वरखाली होणे स्वाभाविक आहे. काही गाड्यांत थ्रॉटलची जुळणी स्कॅनरने करावी लागते. तपासणीची मजुरी आधीच ठरवून वेगळी लावावी. दोन तास मीटर घेऊन एक सैल अर्थ शोधणे हेही कामच आहे, त्याचे पैसे मागण्यात संकोच नको. काढलेला जुना ईसीएम पिशवीत घालून गिऱ्हाईकाला परत द्यावा, कारण तो त्याचा आहे. भंगारात घालायचा झाला तर त्याच्या परवानगीने, आणि ती रक्कम बिलातून वजा दाखवून.