मोबाईलवरील शिक्षणाच्या प्रणाली कशा पारखाव्या

शेतकीचें ज्ञान सभासदांच्या घरीं मोबाईलद्वारें पोंचवावें, हा विचार अलीकडे पुष्कळ शेतकरी-संघांत चालू आहे. २०२० सालच्या साथींत शाळा बंद पडल्या, तेव्हां घरोघरीं मुलें फोनवर शिकूं लागलीं, आणि ही पद्धति प्रौढांच्याहि परिचयाची झाली. त्यापूर्वींच, २०१७ सालीं, सरकारनें 'स्वयम्' व 'दीक्षा' हीं दोन व्यासपीठें सुरू केलेलीं होतीं. आतां संघांकडे निरनिराळे विक्रेते येतात, पडद्यावर रंगीत चित्रें दाखवितात व आपलीच प्रणाली सर्वांत सोयीची असें सांगतात. पिशवीवरील चित्र पाहून बियाणें घेऊं नये हें वाचकांस ठाऊकच आहे. तोच न्याय येथें कसा लावावा, एवढेंच सांगण्याचा हेतु आहे.

अध्ययन-व्यवस्थापन प्रणाली, जिला लोक संक्षेपानें 'एलएमएस' म्हणतात, ती मुळांत एक दप्तर आहे. खातेदार कोण, क्षेत्र किती, पीक कोणतें, फेरफार केव्हां झाला, हें तलाठ्याच्या दप्तरांत जसें ठरलेल्या गांव नमुन्यांत नोंदलेलें असतें, तसेंच येथें विद्यार्थी कोण, त्यास कोणते धडे नेमले, त्यानें कोणता केव्हां उघडला, कोणत्या प्रश्नास काय उत्तर दिलें व गुण किती मिळाले, हें नोंदलें जातें. प्रणाली स्वतः कांहीं शिकवीत नाहीं. धडा नीट लिहिलेला नसेल तर उत्तमांतील उत्तम प्रणाली तो अव्यवस्थित धडाच व्यवस्थितपणें पोंचविते, इतकेंच. विक्रेत्यांच्या बोलण्यांत ही गोष्ट क्वचितच येते.

यांपैकीं बहुपरिचित प्रणाली थोड्या आहेत. 'मूडल' ही ऑस्ट्रेलियांतील मार्टिन डूगियामास यांनीं रचिली व तिची पहिली पूर्ण आवृत्ति २००२ सालीं निघाली. ती कोणासहि विनामूल्य घेऊन आपल्या सर्व्हरवर चालवितां येते. 'गूगल क्लासरूम' २०१४ पासून आहे. ती त्या कंपनीच्याच यंत्रांवर चालते. आपल्या देशांत कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंत 'मूकिट' नांवाची प्रणाली तयार झाली, आणि कॉमनवेल्थ ऑफ लर्निंगच्या साहाय्यानें शेतकीच्या अभ्यासक्रमांसाठीं ती वापरण्यांत आली. कोणती चांगली, असा प्रश्न मला विचारतात. जमीन न पाहतां वाण सांगण्यासारखें तें होईल.

बहुतेक ठिकाणीं निवड अशी होते: समितीचे चार गृहस्थ संघाच्या कचेरींत बसतात, तेथें जाळें उत्तम असतें, विक्रेता आपल्या संगणकावर सर्व करून दाखवितो, आणि मग सोयींची लांबलचक यादी पुढें ठेवून प्रत्येकीसमोर खूण केली जाते. ज्या खात्यांत मीं तीस वर्षें कारकुनी केली, त्या खात्याच्या भाषेंत यास नजरअंदाजाची आणेवारी म्हणावें. बांधावर उभें राहून पीक दहा आणे कीं बारा आणे हें ठरविण्यांत काय काय शिरतें, हें जुन्या मंडळींस सांगावयास नको. म्हणूनच पीक-कापणी प्रयोग आले. त्यांत शेत कोणाच्या मर्जीनें नव्हे, तर चिठ्ठी काढल्यासारखें निवडतात. बहुतेक पिकांस १० मीटर लांब व ५ मीटर रुंद असा तुकडा आंखतात. तेवढेंच पीक कापून, मळून, त्याचें वजन करतात. प्रणालीचीहि अशीच कापणी केली पाहिजे.

ती अशी करावी. एकच खरा धडा घ्यावा. उदाहरणार्थ, माती-परीक्षणाचा अहवाल कसा वाचावा. सभासदांच्या यादींतून दहा नांवें चिठ्ठीनें काढावीं. हुशार व हौशी मंडळी आपण होऊन पुढें येतात, त्यांस या वेळीं बाजूस ठेवावें. नांवांत निम्म्या स्त्रिया याव्या म्हणून स्त्री-पुरुषांच्या चिठ्ठ्या निराळ्या कराव्या. प्रत्येकानें स्वतःचाच फोन, स्वतःच्याच घरीं वा शेतांत वापरावा. नांव नोंदविणें, धडा उघडणें, ऐकणें, पांच प्रश्न सोडविणें व आपले गुण पाहणें, एवढीं कामें सांगून आपण घड्याळ घेऊन जवळ मुकाट्यानें बसावें. मुकाट्यानें बसणें हेंच या प्रयोगांतील सर्वांत अवघड काम होय. शेजारच्याचें बोट चुकीच्या जागीं गेलेलें पाहून न बोलणें फारच थोड्यांस साधतें. कोण किती मिनिटांत पार पडला, कोण कोठें अडला, हें लिहावें. दहांतले सात एकाच ठिकाणीं अडले तर तो दोष प्रणालीचा किंवा धड्याचा, शिकणारांचा नव्हे.

पहिली अडचण बहुधा दारांतच येते. मूडलमध्यें स्वतः नांव नोंदविण्याची जी नेहमींची रीत आहे, तींत ई-मेलचा पत्ता लागतो. अँड्रॉइड फोन चालू करतांना दुकानदारानें किंवा मुलानें असा पत्ता काढून दिलेला असतो, पण तो मालकास ठाऊक नसतो. ओटीपीची रीत सोपी वाटते. परंतु घरांत फोन एक व शिकणारे तीन असले म्हणजे सर्वांचे गुण एकाच खात्यावर चढतात. बाईनें धडा शिकावा व उतारा नवऱ्याच्या नांवें निघावा, हा प्रकार जमिनीच्या बाबतींत आपण पुष्कळ पाहिला. म्हणून एका क्रमांकावर अनेक नांवें ठेवतां येतात काय, किंवा संघानेंच नांवें भरून द्यावीं अशी सोय आहे काय, हें प्रथम विचारावें. शिकणारा १८ वर्षांखालील असेल तर व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा जो अधिनियम २०२३ सालीं झाला, त्यांत पालकांची संमति सांगितलेली आहे, हेंहि ध्यानांत ठेवावें.

दुसरी गोष्ट जाळ्याची. येथें थोडा हिशेब करणें अवश्य आहे. दहा मिनिटांचा व्हिडिओ सेकंदास ५०० किलोबिट अशा मध्यम प्रतीचा ठेवला तर तो सुमारें ३७ एमबी भरतो. तेंच बोलणें नुसत्या आवाजाच्या रूपानें ३२ किलोबिटनें ठेवलें तर अडीच एमबीच्या आंत येतें. लेखी धड्याचें तर विचारूंच नये. देवनागरीचें एकेक चिन्ह ३ बाइट घेत असलें तरी हजार शब्दांचा धडा सुमारें २० केबींत मावतो. चाळीस धड्यांचा अभ्यासक्रम धरल्यास व्हिडिओनें दीड जीबी, आवाजानें शंभर एमबीहून कमी, व लेखनानें एक एमबीच्या आसपास, असें प्रमाण पडतें. डाळिंबाची छाटणी पाहिल्यावांचून समजत नाहीं, तेथें व्हिडिओ हवाच. खताचा हिशेब मात्र वाचूनच अधिक चांगला समजतो. तेव्हां तिन्ही प्रकार ठेवतां येतात काय, आणि गांवांत जाळें मिळेल तेव्हां धडा उतरवून घेऊन मळ्यांत जाळ्याशिवाय तो उघडतां येतो काय, हें पाहावें. मूडलच्या मोबाईल ॲपमध्यें धडे असे उतरवून घेण्याची सोय आहे. विमानांत फोन बंद ठेवण्याची जी कळ असते, ती दाबून विक्रेत्यासच धडा चालवून दाखवावयास सांगावें.

तिसरी गोष्ट भाषेची, आणि ती वरवर पाहून कळत नाहीं. पडद्यावरील बटणें मराठींत असलीं म्हणजे काम झालें असें नव्हे. "१०० किलो नत्र देण्यासाठीं युरिया किती लागेल?" असा प्रश्न घालून पाहावा. युरियांत ४६ टक्के नत्र, म्हणून उत्तर सुमारें २१७ किलो. हें उत्तर देवनागरी अंकांत लिहिलें तर प्रणाली बरोबर धरते कीं चूक? २१७·४ लिहिलें तर? रिकाम्या जागेंत कोणी 'पालाश' लिहील, कोणी 'पोटॅश'. दोन्ही मान्य करण्याची सोय प्रश्न घालणारास असली पाहिजे. बरोबर उत्तरास शून्य गुण मिळाले कीं पन्नाशीचा मनुष्य पुन्हां त्या धड्याकडे फिरकत नाहीं.

'पूर्ण' अशी जी खूण प्रणाली करते, तिचा अर्थ काय हेंहि तपासावें. पान उघडलें कीं खूण, शिकणारानें स्वतः बोट टेकलें कीं खूण, कीं ठराविक गुण मिळाले म्हणजे खूण? मूडलमध्यें हे तिन्ही प्रकार ठेवतां येतात, व कोणता ठेवावयाचा हें संघाच्या हातीं असतें. केवळ पान उघडण्यावर प्रमाणपत्रें वांटलीं तर अहवालांतील आंकडा मोठा दिसेल खरा. पण त्या प्रमाणपत्राच्या भरंवशावर कोणी औषधाचें प्रमाण ठरवून फवारणी करणार आहे, हें विसरूं नये.

या सर्वांस गुण देऊन बेरीज करण्याची चाल आहे. ती ठीक आहे. परंतु कांहीं अटी गुणांत बसविण्याच्या नव्हत. विहिरीस पाणीच नसेल तर काळ्या मातीबद्दल कितीहि गुण दिले तरी ऊंस होत नाहीं. जाळ्याशिवाय धडा उघडणें, देवनागरी उत्तर स्वीकारणें, शिकणाराचें स्वतंत्र खातें, आणि आपलें दप्तर परत मिळणें, या चार अटींत जी प्रणाली नापास ती बेरजेपूर्वींच बाजूस काढावी.

दप्तर परत मिळण्याविषयीं दोन शब्द अधिक लिहितों, कारण संघाचें खरें नुकसान तेथेंच होतें. फुकट मिळणारी वस्तु नेहमींच फुकट राहील असें नाहीं. गूगल कंपनीनें शिक्षणसंस्थांस अमर्याद सांठवण दिली होती. २०२१ सालीं तिनें ती बंद करण्याचें जाहीर केलें व २०२२ पासून प्रत्येक संस्थेस १०० टीबी ही मूळ मर्यादा आली. लहान संघास ती पुरेशी आहे, तरी मर्यादा ठरविणारा कोण, हें त्यावरून दिसतें. उलट मूडल विनामूल्य असली तरी सर्व्हरचें भाडें, नव्या आवृत्ति चढविणें व नोंदींची प्रत काढून ठेवणें, हें सर्व कोणा माणसास पगार देऊनच करवावें लागतें. विक्रेत्याच्या दरपत्रकांत हा आंकडा नसतो. तो आपणच तीन वर्षांचा मांडावा.

प्रयोगाच्या दिवशींच दहा जणांचे गुण व तो एक धडा बाहेर काढून द्यावयास सांगावें. धडा 'स्कॉर्म' नांवाच्या सर्वमान्य बांधणींत मिळाला तर तो बहुतेक दुसऱ्या प्रणालींत चढवितां येतो. गुण साध्या तक्त्याच्या फाइलींत मिळाले पाहिजेत. ती फाइल संघाच्याच संगणकावर उघडून पाहावी. देवनागरी नांवांच्या जागीं चौकटी दिसत असतील तर तें दप्तर मिळालें असें समजूं नये. करार संपल्यावर किती दिवसांत नोंदी परत द्यावयाच्या व त्यानंतर विक्रेत्याकडील प्रत केव्हां नष्ट करावयाची, हीं दोन कलमें करारांत मराठींत घालून घ्यावीं. प्रयोगास खरिपाची काढणी उरकल्यावरचा व रब्बीची पेरणी सुरू होण्यापूर्वींचा आठवडा बरा. त्या सुमारास मंडळी घरीं सांपडतात.