कान देऊन ऐका : कोळशाच्या खाणीतला निसर्ग
(अभ्यासपाठ : वसतिगृहे व तरुण संघांसाठी)
वाचन : ईयोब 28



ईयोबाच्या 28 व्या अध्यायात खाणीचे वर्णन आहे. माणूस वस्तीपासून दूर, अंधारात दोराला लोंबकळत खनिज शोधतो. ती वाट घारीलाही ठाऊक नाही. इतके खणूनही ज्ञान कुठे सापडते, असा प्रश्न तिथे विचारला आहे. हा अध्याय मी चंद्रपूर भागातील आमच्या वसतिगृहाच्या मुलांसोबत वाचला. काहींच्या गावाशेजारीच कोळशाची खाण आहे. खाणीचा इतिहास आपण पाहतो किंवा वाचतो. या पाठात आम्ही तो ऐकायचे ठरवले. आवाज हेच साहित्य घेऊन केलेल्या अशा रचनेला ध्वनिकला म्हणतात. आम्ही खाणीचे चार आवाज निवडले.

1. पक्ष्यांआधीचे रान
आपल्याकडचा कोळसा 25 ते 30 कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतील झाडांचा आहे. त्यांतील मुख्य झाड ग्लॉसोप्टेरिस. त्याचे पान जिभेसारखे, म्हणून हे नाव. ज्या खडकांत हा कोळसा आहे, त्यांना भूशास्त्रज्ञांनी गोंडांच्या भूमीवरून ‘गोंडवन’ हे नाव दिले. आज ते जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे. मुलांनी त्या रानासाठी लगेच मोराचा आवाज सुचवला. पण तेव्हा पक्षी नव्हते, फुलेही नव्हती. मग उरले काय? वारा, पाऊस, चिखलात पडणारे पान. सुपात तांदूळ हलवून मुलांनी पाऊस पाडला.

2. बोलणारे लाकूड
1870 च्या दशकात वरोऱ्याला सरकारी खाण सुरू झाली आणि तिच्या कोळशासाठी वर्ध्याकडून रेल्वे आणली गेली. जमिनीखालच्या खाणींत छत तोलायला लाकडी टेकू लावत. म्हणजे वरचे रान तुटून खालच्या रानाला आधार द्यायला जाई. भार वाढला की लाकूड मोडण्याआधी करकरते, आणि तेवढ्यात माणसे बाहेर पळू शकतात. म्हणून लोखंडी टेकू आल्यावरही अनेक जुन्या खाणकामगारांचा भरवसा लाकडावरच राहिला. छतही ठोकून ऐकतात. ठणठणीत आवाज आला तर दगड घट्ट. बद्द आवाज आला तर वर पोकळी, धोका.

3. गप्प झालेला पक्षी
कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने 1890 च्या दशकात सुचवले, की खाणीत लहान प्राणी किंवा पक्षी न्यावेत. त्यांच्यावर विषाचा परिणाम माणसाआधी होतो. ब्रिटनमध्ये कॅनरी पक्षी 1986 पर्यंत वापरात होते. पक्षी झोके खाऊन दांडीवरून पडला की माणसे मागे फिरत. इथे इशारा आवाजाचा नव्हता, शांततेचा होता.

4. फुलांची नावे
अमेरिकन संगीतकार ज्युलिया वुल्फ यांनी पेनसिल्व्हेनियातील खाणकामगारांवर ‘अँथ्रासाइट फील्ड्स’ ही संगीतरचना केली. तिला 2015 चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. तिच्या एका भागात खाणवस्तीतल्या घरांपुढे फुलणाऱ्या फुलांची नावे गायली जातात. हे ऐकून आमच्या मुलांनी आपल्या गावच्या झाडांची नावे गोंडीत म्हटली. काही नावे त्यांना आली नाहीत. ती त्यांनी आजी-आजोबांना विचारून आणली.

या पाठाचा खरा गाभा इथे आहे. खाणीसाठी जमीन जाते तेव्हा मोबदल्याच्या कागदावर शेत, घर, विहीर, झाडे मोजली जातात. पहाटे कोणता पक्षी कोणत्या बाजूने ओरडतो, नाल्याचे पाणी कोणत्या महिन्यापर्यंत वाजते, यासाठी त्या कागदावर रकाना नसतो. ते फक्त वडीलधाऱ्यांना ठाऊक असते. आणि हे ज्ञान नुसते आठवणींपुरते नाही. वनहक्क कायदा 2006 च्या नियमांत वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले जबाब पुरावा म्हणून धरले जातात. कुठे मोह वेचला, कुठे गुरे चारली, कुठे देवाची जागा, हे आज ऐकून लिहिले तर उद्या ग्रामसभेच्या कामी येईल.

कृती
एका पहाटे 15 मिनिटे गप्प बसून ऐकलेले प्रत्येक आवाज लिहा. निसर्गाचे एका बाजूला, यंत्रांचे दुसऱ्या बाजूला. तीच यादी आजोबांच्या लहानपणाची करा. दोन्ही यादया शेजारी ठेवून वाचा. कोणता आवाज गेला? तो कशाचा इशारा होता? गावाच्या बैठकीत हे वाचून दाखवा, तारीख घालून जपून ठेवा.

चर्चेसाठी प्रश्न
1. कॅनरीसारखे आपल्या गावात सर्वांत आधी कोण गप्प होते?
2. ईयोबाच्या या अध्यायात माणसाच्या कौशल्याची निंदा आहे का? मग त्याला उणे काय पडते?

या अध्यायाचा शेवट देवाचे भय आणि दुष्टाईपासून दूर राहणे हेच ज्ञान, असा होतो. आमच्या मुलांनी त्याचा अर्थ साधा लावला : खणण्याआधी विचारावे, आणि विचारल्यावर उत्तर ऐकायला थांबावे.