पांदणीतली माउंटन बाइक

वाशिम जिल्ह्यात माउंटन बाइक घेणाऱ्याला पहिला टोमणा ठरलेला असतो. "भाऊ, इथं डोंगर कुठी हाये?" टोमणा अर्धा खरा आहे. अकोला समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आत, वाशिम साडेपाचशेच्या आसपास. पातूरचा घाट चढून मेडशीला आलात की मोठा चढ संपला. पुढे मालेगाव, वाशिम, मंगरूळपीर असं पठारच. याच पठारावरून काटेपूर्णेचं पाणी उत्तरेला तापीकडे जातं आणि पैनगंगा, अडाण, अरुणावतीचं गोदावरीकडे. त्यामुळे चढ आहेत, पण ते लांबलचक नाहीत. नाल्यात उतरा, पुन्हा वर या, बरडावरून जा, पुन्हा नाला. अशा जमिनीवर बरीच वर्षं सायकल चालवून आणि मित्रांच्या सायकली निवडून देऊन जमलेल्या काही गोष्टी सांगतो.

१. आधी रस्ता लिहून काढा, मग दुकानात जा.

"मला ऑफ-रोड आवडतं," असं सगळेच म्हणतात. महिनाभर कुठं कुठं गेलात ते कागदावर मांडलं, की बहुतेकांचं निम्म्याहून जास्त अंतर डांबरी निघतं: सकाळी हायवेने मालेगावच्या दिशेला, रविवारी रिसोडमार्गे लोणार, आणि अधूनमधून कुणाच्या तरी वावरापर्यंत पांदण. (समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जातो, पण त्यावर सायकलला मनाई आहे, तो कागदावर घेऊच नका.) कंपन्या माउंटन बाइकचे क्रॉस-कंट्री, ट्रेल, डाउनहिल असे प्रकार पाडतात. डाउनहिलची सायकल गाडीत घालून डोंगरावर न्यायची आणि फक्त खाली आणायची, यासाठी असते. आपल्याकडे तिला काम नाही. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये माउंटन बाइक पहिल्यांदा आली ती क्रॉस-कंट्रीच्या शर्यतीने. लांब अंतर, छोटे चढउतार, बेताचं वजन असा तो प्रकार. मानोऱ्याहून पोहरादेवीकडे माळामाळाने जाणाऱ्याला नेमकं तेच लागतं.

२. मधला शॉकअप असलेली स्वस्त सायकल घेऊ नका.

याबाबत मी हट्टी आहे. दहा-बारा हजारांच्या सायकलला सीटखाली जाड स्प्रिंग दिसली की पोरं हरखतात. ती स्प्रिंग खड्डा गिळत नाही, पॅडलचा जोर गिळते. चढावर सीट वरखाली होत राहते आणि सायकल जागची हलत नाही. शिवाय सांध्यांत खेळ येतो आणि कुरकुर सुरू होते. दोन्हीकडे चांगला शॉकअप असलेली सायकल लाखाच्या पुढे जाते, आणि तिची देखभाल गावात होत नाही. फक्त पुढे शॉकअप आणि मागे सरळ सांगाडा, म्हणजे हार्डटेल, इथे पुरते. पुढचा शॉकअपही १०० मिलिमीटरचा भरपूर झाला. डांबरी रस्त्यावर तो बंद करायची कळ असेल तर उत्तम. ओळखीचा मिस्त्री एकदा म्हणाला होता, "शॉकअप पायता तुमी, पन गिट्टी त टायर खाते." पैसे टायरवर घाला, असं त्याला म्हणायचं होतं. मी तेव्हापासून तेच करतो.

३. काळ्या मातीचा विचार कंपनीने केलेला नसतो.

परदेशी परीक्षणांत चिखल असतो तो पातळ, उडणारा. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि टायरला धरते. जुलैत पांदणीत शिरलात की थोड्याच अंतरात टायरवर मातीचा थर, थरावर गवत आणि गवतावर पुन्हा माती. मग चाक सांगाड्यात अडकून थांबतं. जाड टायर म्हणजे चिखलात चांगला, हा समज इथे उलटा पडतो. टायर आणि सांगाडा यांच्यात दोन्ही बाजूंना निदान बोटभर जागा हवी. दुकानात बोट घालून बघा, दुकानदार हसला तर हसू द्या. मी पावसाळ्यात २ ते २.१ इंचाचा, लांब लांब खुंट्यांचा टायर वापरतो. जवळ जवळ खुंट्या असल्या की मधल्या फटी मातीने भरतात आणि टायर गुळगुळीत होतो. प्लास्टिकचे मडगार्ड चाकाला चिकटून बसणारे असतील तर जूनमध्येच काढून ठेवावेत. रिमला धरणारे ब्रेक मातीत फसतात, डिस्क त्या मानाने वर राहते. एवढं सगळं करूनही सोयाबीनच्या वावरालगतच्या पांदणीत चार दिवसांच्या झडीनंतर कुठलीच सायकल चालत नाही. ती खांद्यावर घ्यावी लागते, आणि तेव्हा वजनाचा आकडा पहिल्यांदा कळतो. सोळा किलोची सायकल आणि तेरा किलोची सायकल यांतला फरक शोरूममध्ये कळत नाही.

मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेतून काही पांदणी आता मुरूम-गिट्टीच्या झाल्या आहेत. तिथे गणित बदलतं. सुट्या गिट्टीवर रुंद टायर आणि कमी हवा चांगली पकड देते. माझ्यासारख्या सत्तर किलोच्या माणसाला २.१ इंची टायरमध्ये तीस-पस्तीस पीएसआय पुरते. हायवेला लागलो की वाढवायची. टायरच्या कडेला किमान आणि कमाल आकडा छापलेला असतो, त्याच्या बाहेर जाऊ नये.

४. काटा आणि व्हॉल्व्ह एकत्र विचारात घ्या.

सुगीनंतर धुऱ्यांवर बाभळीच्या फांद्यांची कुंपणं घालतात आणि त्यातल्या काट्यांचा सडा पांदणीत पडतो. सराटे वेगळेच. ट्यूबलेस टायरमध्ये ओतायचं दुधाळ रसायन बारीक भोकं आपोआप बुजवतं, पण आपल्या उन्हाळ्यात ते लवकर सुकतं. दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा भरायची तयारी असेल तरच त्या वाटेला जा. नाहीतर जाड ट्यूब आणि टायरच्या आत पट्टी. जुनी ट्यूब उभी कापून अस्तरासारखी घातली तरी बाभळीचे बरेच काटे अडतात. वजन थोडं वाढतं, वाढू द्या.

व्हॉल्व्हकडे कुणी बघत नाही. महागड्या सायकलींना बारीक, लांब प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो. गावच्या पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर मोटारसायकलच्या व्हॉल्व्हसाठी असतो, तो प्रेस्टावर बसत नाही. पितळेचा छोटा अ‍ॅडॉप्टर मिळतो, स्वस्त आहे, किल्लीच्या जुडग्यात राहतो. नसेल तर शेलूबाजारच्या चौकात हवा असून तुम्ही बिनहवेचे.

५. चाक: २९ की २७.५ की २६?

२९ इंची चाक खड्ड्यावरून सहज जातं आणि लांब अंतराला बरं. उंची पाच फूट तीनच्या खाली असेल तर २७.५. २६ची एकच खरी जमेची बाजू उरली आहे: तिची ट्यूब कुठल्याही आठवडी बाजारात मिळते. बाकी कुठलंही चाक घ्या, एक ट्यूब पिशवीत ठेवा.

६. गिअर किती हे विचारू नका, सगळ्यात हलका गिअर कोणता हे विचारा.

'२१ गिअर' हा आकडा दुकानदाराच्या कामाचा. तुम्ही पुढच्या सगळ्यात लहान चेनव्हीलचे दात मोजा आणि मागच्या सगळ्यात मोठ्या फ्रीव्हीलचे. पुढे २८, मागे २८ असेल तर पॅडलच्या एका फेऱ्याला चाकाचा एक फेरा, आणि सामान लादून घाटात हे जड जातं. पुढे २२, मागे २८ म्हणजे चाकाचा जेमतेम पाऊण फेरा. पातूरचा घाट बसल्या बसल्या निघतो. नव्या सायकलींत पुढे एकच ३२ दातांचं आणि मागे ४६पर्यंत असतं, तेही तिथेच येऊन पोचतं. पण त्याची चेन नि मागचा संच तालुक्याला मिळत नाही. सात किंवा आठ गिअरचे सुटे भाग अकोल्यात तरी हाताशी असतात.

७. ब्रेक घाट उतरताना निवडावेत.

माउंटन बाइकचा जन्मच ब्रेक तापण्याशी जोडलेला आहे. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात मॅरिन भागातली पोरं जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरउतारावर शर्यती लावत. उलटं पॅडल मारून लागणारे त्यांचे ब्रेक इतके तापत की हबमधलं ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावं लागे. त्यावरून १९७६ला सुरू झालेल्या शर्यतीचं नावच 'रिपॅक' पडलं. जो ब्रीझ आणि गॅरी फिशर ही मंडळी त्यातलीच. मेडशीकडून पातूरला उतरताना मागे ट्रक असतो आणि समोर वळण, तेव्हा रिमचे ब्रेक सतत दाबून ठेवले की तेही तापतात. डिस्क घ्या. तारेवर चालणारी डिस्क मला बरी वाटते, कारण तार कुठेही बदलता येते. तेलावरची डिस्क बोटाने लागते हे खरं, पण आत हवा शिरली की शहरच गाठावं लागतं.

८. माप.

आपल्या पिढीने वडिलांच्या दांड्याच्या सायकलवर कैची मारून शिकून घेतलं, त्यामुळे 'मोठी सायकल चालून जाते' असं आपल्याला वाटतं. पांदणीत चालत नाही. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभे राहा; दांडा आणि तुमच्यात दोन-तीन बोटं जागा हवी. अचानक उतरावं लागतं तेव्हा या जागेची किंमत कळते. सीटवर बसून टाच खालच्या पॅडलवर ठेवली की पाय सरळ व्हावा.

९. सांगाड्यावर पाण्याच्या दोन बाटल्यांचे स्क्रू आहेत का ते बघा. एप्रिलमध्ये, रामनवमीच्या सुमारास पोहरादेवीकडे जाऊन या, म्हणजे कारण विचारणार नाही.

१०. जुनी सायकल मिळत असेल तर घ्या, पण पट्टी घेऊन जा.

पुण्याला नोकरीला गेलेली मुलं हौसेने चांगली हार्डटेल घेतात आणि वर्षभरात घरी आणून टेकवतात. नव्याच्या निम्म्या किमतीत ती मिळते. पुढचा ब्रेक दाबून हँडल पुढेमागे हलवा, खटखट वाजलं तर हेडसेट ढिला किंवा शॉकअपच्या नळ्यांत खेळ. चाक फिरवून बघा, आऊट असेल तर मिस्त्री तारा ओढून सरळ करतो, त्यासाठी सौदा मोडू नका. सांगाड्याच्या जोडांवर रंगाखाली बारीक भेग दिसली तर मात्र उठून यावं. शेवटी चेनवर फूटपट्टी ठेवा: नव्या चेनच्या एका पिनेपासून चोवीस पिना मोजल्या की बरोबर बारा इंच भरतात. तिथे एक अष्टमांश इंच जास्त आला तर चेन गेली, आणि तिच्यासोबत मागचं फ्रीव्हीलही गेलंच असं धरून तेवढे पैसे किमतीतून कमी करायला सांगा.