सभेतील वरचष्मा आणि अध्यक्षांचे कर्तव्य

ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत पुष्कळदा एकच सदस्य बोलतो आणि इतर माना डोलावतात. मौन ही संमती समजली जाते व ठराव ‘एकमताने’ मंजूर होतो. ज्या वस्तीत नळाचे पाणी चढत नाही, तेथील सदस्य गप्प राहिल्यास पाणीयोजनेतील उणीव कागदावर येतच नाही.

त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अंमलात आली. महाराष्ट्रात २०११ मध्ये महिलांचे आरक्षण ५० टक्के झाले. तथापि, सभेत आसन मिळाले तरी बोलण्याची संधी आपोआप मिळत नाही. ती देणे हे अध्यक्षस्थानी असलेल्या सरपंचांचे कर्तव्य होय.

त्यासाठी प्रत्येक विषयावर सदस्यांची मते क्रमाने विचारावीत. वरचढ सदस्याची पाळी शेवटी ठेवावी. कोणी मध्येच तोडल्यास, ‘त्यांचे बोलणे पुरे होऊ द्या,’ असे सौम्यपणे, परंतु ठामपणे सांगावे. विरोधी मत इतिवृत्तात नोंदवावे. इतर सदस्यांनीही अर्धवट राहिलेला मुद्दा उचलून धरावा.

अशा सदस्याचा चारचौघांत पाणउतारा मात्र करू नये. त्यास एकांतात समज द्यावी आणि त्याच्या उत्साहास एखाद्या कामाची जबाबदारी द्यावी. सर्वांनी घडविलेला निर्णयच सर्वांकडून पाळला जातो.