विम्बल्डन : हौशी स्पर्धेकडून खुल्या स्पर्धेकडे

लंडनच्या नैऋत्येस असलेल्या विम्बल्डन या उपनगरात दरवर्षी उन्हाळ्यात लॉन टेनिसची जी स्पर्धा भरते, ती जगातील सर्वांत जुनी टेनिस स्पर्धा होय. ऑस्ट्रेलिया, फ्रान्स व अमेरिका येथील स्पर्धांसह तिची गणना चार प्रमुख स्पर्धांत होते. मात्र या चौघींपैकी हिरवळीवर खेळली जाणारी आता ही एकटीच उरली आहे. तेथे उतरणारा प्रत्येक नामवंत खेळाडू आज व्यावसायिक असतो, आणि एकेरीच्या पहिल्याच फेरीत हरणाऱ्यालाही पारितोषिकाचा वाटा मिळतो. याचे कोणाला नवल वाटत नाही. परंतु १९६८ पूर्वीची नव्वद वर्षे स्थिती नेमकी उलट होती. टेनिस खेळून उघडपणे पैसे मिळविणाऱ्यास या स्पर्धेचे दार बंद होते. ते का बंद होते आणि कसे उघडले, हा या खेळाच्या इतिहासातील सर्वांत उद्बोधक भाग आहे.

स्पर्धेचा प्रारंभ अगदी साधा होता. १८७७ साली ऑल इंग्लंड क्लबने, हिरवळीवर फिरविण्याच्या आपल्या घोड्याच्या रोलरची दुरुस्ती करण्यासाठी पैसा उभा करावा म्हणून ही स्पर्धा भरविली, असे सांगतात. प्रवेशशुल्क एक गिनी होते. बावीस पुरुषांनी नावे दिली आणि स्पेन्सर गोर विजयी झाला. मैदानाची ७८ फूट लांबी व एकेरीसाठी २७ फूट रुंदी त्या वेळीच ठरली, आणि आजही ती तशीच आहे. स्त्रियांची एकेरी १८८४ पासून सुरू झाली. क्लबने १९२२ मध्ये चर्च रोडवरील सध्याच्या विस्तीर्ण जागेत स्थलांतर केले, ते प्रेक्षकांची गर्दी जुन्या जागेत मावेनाशी झाली म्हणून.

गिनी देऊन खेळणारे हे लोक सुखवस्तू होते. पोटासाठी खेळणे हे त्यांच्या दृष्टीने कमीपणाचे होते. यातूनच ‘हौशी’ आणि ‘धंदेवाईक’ असा भेद रूढ झाला व पुढे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या नियमांत तो कायम झाला. वरवर पाहता तो खेळाच्या निर्मळपणाचे रक्षण करणारा वाटतो. प्रत्यक्षात तो ज्यांच्याकडे वेळ आणि पैसा दोन्ही आहेत त्यांच्या सोयीचा होता.

त्याचे परिणाम लवकरच दिसू लागले. सहा वेळा विम्बल्डन जिंकलेली फ्रान्सची सुझान लेंग्लेन १९२६ मध्ये व्यावसायिक झाली आणि स्पर्धेस कायमची अंतरली. १९३४ ते १९३६ अशी सलग तीन वर्षे अजिंक्य ठरलेल्या इंग्लंडच्या फ्रेड पेरीने तोच मार्ग पत्करला, तेव्हा क्लबने त्याचे सन्माननीय सदस्यत्व काढून घेतले. त्याच क्लबने १९८४ मध्ये आपल्या आवारात पेरीचा पुतळा उभारला. दुसऱ्या महायुद्धानंतर तर हा क्रमच होऊन बसला. एखाद्याने विम्बल्डन जिंकावे, त्याच्या नावाचा बोलबाला व्हावा, आणि त्या नावाच्या बळावर व्यावसायिक करार करून त्याने निघून जावे! १९४७ चा विजेता जॅक क्रेमर असाच गेला, आणि पुढे तोच इतरांना करारबद्ध करणारा संयोजक बनला.

व्यावसायिकांचे जीवन मात्र सुखाचे होते असे समजू नये. कॅनव्हासचे गुंडाळता येणारे मैदान मोटारीत घालून हे खेळाडू गावोगाव हिंडत; आज एका सभागृहात, उद्या दुसऱ्या, अशी त्यांची फिरस्ती चाले. पांचो गोन्झालेस याने १९४८ व १९४९ मध्ये अमेरिकेचे अजिंक्यपद मिळविले आणि लगेच करार केला. १९४९-५० च्या दौऱ्यात क्रेमरने त्याला ९६ सामन्यांत हरविले. गोन्झालेसला जिंकता आले ते केवळ २७. तो पुढे जगातील सर्वश्रेष्ठ व्यावसायिक खेळाडू गणला गेला. परंतु उमेदीची अठरा वर्षे विम्बल्डनच्या प्रेक्षकांना त्याचा खेळ दिसला नाही.

इकडे हौशी म्हणविणारेही विनामूल्य खेळत नव्हते. नामवंत खेळाडू आल्याशिवाय तिकिटे खपत नसत. म्हणून स्पर्धांचे संयोजक त्यांना ‘प्रवासखर्च’ या नावाखाली बंद पाकिटातून रक्कम देत. सर्वांना हे ठाऊक होते आणि सर्वजण ते नाकारीत होते. पैसा घेण्यास बंदी नव्हती, तो घेतल्याचे कबूल करण्यास बंदी होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

भारतीय वाचकास या भेदाचे मोल रामनाथन कृष्णन याच्या उदाहरणावरून चांगले कळेल. १९५४ मध्ये त्याने विम्बल्डनची कुमार गटाची स्पर्धा जिंकली. १९६० आणि १९६१ या दोन्ही वर्षी तो पुरुषांच्या उपांत्य फेरीत पोहोचला. पहिल्या वर्षी तो नील फ्रेझरकडून हरला, दुसऱ्या वर्षी रॉड लेव्हरकडून. आणि दोन्ही वेळा त्याला हरविणाराच अखेर अजिंक्य ठरला. क्रेमरने कृष्णनपुढे व्यावसायिक कराराचा प्रस्ताव ठेवला होता. तो त्याने नाकारला. त्या काळी व्यावसायिकास डेव्हिस चषकाच्या सामन्यांत आपल्या देशातर्फे खेळता येत नसे. १९६६ मध्ये कलकत्त्यास ब्राझीलविरुद्धच्या निर्णायक लढतीत टॉमस कॉख याला जवळजवळ गमावलेल्या सामन्यात नमवून कृष्णनने भारताला प्रथमच आव्हान फेरीत नेले. त्याने करार केला असता तर ती लढत त्याच्यावाचूनच झाली असती. पैसा की देश, अशी निवड खेळाडूवर लादणारा तो नियम होता. त्याचे समर्थन करणारे स्वतः मात्र अशा पेचात क्वचितच सापडत.

हा भेद काढून टाकण्याचा प्रस्ताव १९६० मध्ये महासंघापुढे आला, पण आवश्यक बहुमतास पाच मते कमी पडली. शेवटी पुढाकार घेतला तो विम्बल्डनच्याच मंडळींनी. ऑगस्ट १९६७ मध्ये, बीबीसीच्या रंगीत दूरचित्रवाणीच्या शुभारंभानिमित्त, क्लबने आपल्या मध्यवर्ती मैदानावर आठ व्यावसायिकांची स्पर्धा भरविली. लेव्हरने अंतिम सामन्यात केन रोजवॉलला हरविले. आपली नेहमीची स्पर्धा जगातील उत्तम खेळाडूंवाचून चालू आहे, ही गोष्ट मग कोणापासून लपून राहिली नाही. क्लबचे अध्यक्ष हर्मन डेव्हिड यांनी खोटेपणा संपविण्याचा आग्रह धरला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ब्रिटिश संघटनेने भेद रद्द करण्याचा ठराव केला, आणि ३० मार्च १९६८ रोजी पॅरिस येथे महासंघाने खुल्या स्पर्धांना मान्यता दिली.

त्या वर्षीच्या पहिल्या खुल्या विम्बल्डनमध्ये पारितोषिकांची एकूण रक्कम २६,१५० पौंड होती. १९६२ नंतर प्रथमच या स्पर्धेत उतरलेल्या लेव्हरने टोनी रोशला ६-३, ६-४, ६-२ असे हरवून २,००० पौंड मिळविले. स्त्रियांत विजयी झालेल्या बिली जीन किंग हिला ७५० पौंडांवर समाधान मानावे लागले. ही विषमता पुढे बराच काळ टिकली; स्त्री व पुरुष विजेत्यांना समान रक्कम देण्यास विम्बल्डनने २००७ साल उजाडेपर्यंत वेळ घेतला. शिवाय महासंघाने हौशी, नोंदणीकृत, करारबद्ध असे खेळाडूंचे नवे वर्ग केले होतेच. त्यामुळे १९६८ ची अमेरिकन स्पर्धा जिंकूनही आर्थर अ‍ॅश हौशी ठरला, आणि १४,००० डॉलरचे पहिले पारितोषिक त्याच्याकडून हरलेल्या टॉम ओकरच्या हाती गेले.

परत आलेल्या जुन्या खेळाडूंनी स्पर्धेत काय आणले, याची प्रचीती १९६९ मध्ये आली. एकेचाळीस वर्षांचा गोन्झालेस पहिल्याच फेरीत आपल्याहून बऱ्याच लहान असलेल्या चार्ली पासारेलशी खेळला. त्या काळी दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत सेट संपत नसे. पहिला सेट पासारेलने २४-२२ असा जिंकला, दुसराही घेतला. काळोखामुळे खेळ थांबला. दुसऱ्या दिवशी गोन्झालेसने उरलेले तिन्ही सेट १६-१४, ६-३, ११-९ असे जिंकले. एकूण ११२ गेम आणि पाच तास बारा मिनिटे! अशा लांबणाऱ्या सेटांना आवर घालण्यासाठी १९७१ पासून विम्बल्डनमध्ये ‘टायब्रेक’ आला. आरंभी तो ८-८ अशा बरोबरीनंतर खेळविला जाई. १९७९ पासून ६-६ नंतर.

दार उघडले तरी किल्ली कोणाच्या हाती, हा प्रश्न शिल्लक होता. १९७२ मध्ये महासंघ व खासगी संयोजक यांच्यातील वादामुळे करारबद्ध खेळाडूंवर पुन्हा बंदी आली, आणि मागील दोन वर्षांचा विजेता जॉन न्यूकोम प्रेक्षकांत गेला. त्याच वर्षी पुरुष खेळाडूंनी आपली संघटना स्थापिली. १९७३ मध्ये डेव्हिस चषकासाठी खेळण्यास नकार दिल्याच्या आरोपावरून युगोस्लाव्हियाच्या निकी पिलिच याला त्याच्या राष्ट्रीय संघटनेने निलंबित केले. महासंघाने ती शिक्षा उचलून धरली. निषेध म्हणून ८१ खेळाडूंनी विम्बल्डनवर बहिष्कार घातला. त्यांत सोळा मानांकितांपैकी तेरा जण होते. वृत्तपत्रांनी त्यांना लोभी ठरविले, आणि प्रेक्षकांची गर्दी तर नेहमीसारखीच लोटली. परंतु वाद पैशाचा नव्हता. खेळाडूने केव्हा व कोणासाठी खेळावे, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, एवढाच तो होता. आणि त्यानंतर हा अधिकार संघटनांना एकतर्फी गाजविता आला नाही. त्या स्पर्धेत चेकोस्लोव्हाकियाचा यान कोडेश विजयी झाला. उपांत्यपूर्व फेरीत त्याला चांगलेच झुंजविले ते भारताच्या विजय अमृतराजने. पाचवा सेट कोडेशने ७-५ असा जिंकला.

पुढच्या वर्षी सर्व खेळाडू परतले. अंतिम सामन्यात अमेरिकेच्या एकवीस वर्षांच्या जिमी कॉनर्ससमोर एकोणचाळीस वर्षांचा रोजवॉल उभा होता. तो ६-१, ६-१, ६-४ असा हरला. १९५४, १९५६, १९७० आणि १९७४ असे चार अंतिम सामने खेळूनही विम्बल्डनचे एकेरीचे अजिंक्यपद त्याला लाभले नाही. १९५७ ते १९६७ या काळातील अकरा स्पर्धांत, म्हणजे वयाच्या बाविसाव्या वर्षापासून बत्तिसाव्या वर्षापर्यंत, त्याला तेथे प्रवेश नव्हता.