रिटर शिखरावरील कसोटी

अमेरिकेच्या पश्चिमेस, कॅलिफोर्निया राज्यात, सिएरा नेवाडा ही अफाट पर्वतरांग पसरलेली आहे. ‘हिमाच्छादित रांग’ असाच या स्पॅनिश नावाचा अर्थ आहे. तिच्यातील रिटर नावाचे खडकाळ शिखर सुमारे ४,००८ मीटर उंच आहे. एवढ्या उंचीवर वृक्ष तग धरीत नाहीत. जिकडे पाहावे तिकडे कडे, दगडांच्या राशी आणि बर्फ!

इ. स. १८७२ च्या ऑक्टोबर महिन्यात जॉन म्यूर या शिखराच्या पायथ्याशी येऊन पोहोचला. स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या आणि बालपणीच अमेरिकेत आलेल्या या चौतीस वर्षांच्या तरुणास डोंगर, झाडे व हिमनद्या यांचे विलक्षण वेड होते. बरोबरच्या चित्रकारांना रम्य ठिकाणी चित्रे काढीत सोडून तो एकटाच निघाला होता. रिटरवर पूर्वी कोणी चढल्याची नोंद नव्हती.

ती रात्र त्याने पाइन वृक्षांच्या दाटीत काढली. जवळ पांघरूणही नव्हते. थंडीने अंग काकडे, की तो उठून शेकोटीपाशी जाई. सकाळी पावाचा एक वाळका तुकडा कमरपट्ट्यास बांधून त्याने चढण धरली.

हिमनदी ओलांडून तो एका अरुंद, उभ्या घळीत शिरला. हातापायांनी खडक धरीत तो वर सरकू लागला. थोड्याच वेळात त्याच्या ध्यानात आले, की आलो त्या वाटेने उतरणे चढण्याहूनही धोक्याचे आहे. मागे फिरण्याची सोय राहिली नव्हती. पुढे एक उभा कडा आडवा आला. एकेक खाच पारखून तो चढू लागला. परंतु निम्म्यावर येताच हात पसरून, छाती कातळास भिडवून तो जागच्या जागी खिळून राहिला. वर जाता येईना, खालीही उतरता येईना. आता आपण कोसळणार, असे त्यास वाटले. भीतीने त्याचे मन क्षणभर सुन्न झाले.

पण तो क्षण सरला. मन एकाएकी शांत झाले, थरथरणारे हातपाय स्थिर झाले. मघाशी जो कडा गुळगुळीत भासत होता, त्याच्यावरील बारीकसारीक भेगाही आता स्पष्ट दिसू लागल्या. खडक तोच होता. पालटली होती ती पाहणाऱ्याची दृष्टी. एकेक आधार चाचपीत तो वर गेला आणि अखेर शिखरमाथ्यावरील स्वच्छ उन्हात उभा राहिला.

उतरताना मात्र त्याने दुसरी वाट शोधली. अंधार पडल्यावर तो आपल्या मुक्कामी परतला. पुढे इ. स. १८९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्याने ही हकीकत लिहिली आणि आपणास वाटलेली भीती मुळीच लपविली नाही.

मुलांनो, भीती वाटणे हा कमीपणा नव्हे. भीतीने आंधळे होणे मात्र घातक असते. आणि म्यूरच्या धाडसाबरोबर त्याची चूकही ध्यानात ठेवा. चांगला गिर्यारोहक एकटा जात नाही आणि पाऊल वर टाकण्यापूर्वी परतीची वाट पाहून ठेवतो.

स्वाध्याय
१. म्यूरला घळीतून मागे का फिरता आले नाही?
२. ‘खडक तोच होता, पालटली होती ती पाहणाऱ्याची दृष्टी.’ या वाक्याचा अर्थ सांगा.
३. म्यूरचे कोणते वर्तन अनुकरणीय आहे व कोणते नाही? सकारण लिहा.