बर्फावरचा सुरवंट

देवळीच्या विद्यार्थ्याने बर्फावर चालणाऱ्या गाडीविषयी लिहावे, याचे कुणालाही हसू येईल. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर चढतो आणि बर्फ पाहायचा तो गोळेवाल्याच्या गाडीवर! परंतु भूगोलाच्या तासाला अंटार्क्टिका शिकवताना सरांनी एक प्रश्न टाकला, "परदेशात अशा गाड्या वापरलेल्या मिळतात, कमी किमतीत मिळतात. मग आपण जुनीच का आणू नये?" वर्गात कुणालाच उत्तर देता आले नाही. मला मात्र आमच्या अंगणात उभा असलेला ट्रॅक्टर आठवला. त्या निमित्ताने जो थोडाफार अभ्यास केला, तो येथे मांडीत आहे.

प्रथम ही गाडी कशी असते ते पाहू. पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटेने बंडी नेणाऱ्यास चाक रुतणे म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. बंडीचा सारा भार लोखंडी धावेच्या अरुंद पट्टीवर येतो, म्हणून ती मातीत शिरते. भुसभुशीत बर्फातही तेच घडते. यावर उपाय म्हणजे चाकांभोवती रुंद, अखंड पट्टा फिरविणे. समजा, गाडीचे वजन ३,००० किलो आहे आणि तिच्या दोन पट्ट्यांचा मिळून ३०,००० चौरस सेंटिमीटर भाग जमिनीस टेकतो. तर दर चौरस सेंटिमीटरवर केवळ १०० ग्रॅम भार येतो. दोन्ही पायांवर उभ्या असलेल्या माणसाचा भार याहून अधिक पडतो! म्हणून माणूस जेथे गुडघाभर रुतेल, तेथून ही गाडी सुखाने जाते.

गंमत अशी, की या पट्ट्यांचा विकास शेतीच्या गरजेतून झाला. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील स्टॉक्टनजवळच्या मऊ जमिनीत वाफेचे अवजड ट्रॅक्टर रुतू लागले, तेव्हा १९०४ साली बेंजामिन होल्ट याने चाके काढून तेथे पट्टे बसविले. त्या यंत्राची चाल पाहून त्याला 'कॅटरपिलर' म्हणजे सुरवंट हे नाव पडले.

आपल्या देशाला या गाड्यांची गरज का पडली? डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. पुढे 'दक्षिण गंगोत्री', १९८९ साली 'मैत्री' आणि २०१२ साली 'भारती' ही केंद्रे उभी राहिली. 'मैत्री' हे बर्फाच्या कडेपासून सुमारे १०० किलोमीटर आत आहे. जहाजातून उतरलेले इंधन व धान्य घसरगाड्यांवर लादून पट्ट्यांची वाहने तेथवर ओढून नेतात. 'पिस्टनबुली' ही जर्मन बनावटीची वाहने त्यांपैकीच होत. गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र या मोहिमांची व्यवस्था पाहते.

आता सरांच्या प्रश्नाकडे वळू. जुन्या यंत्राची किंमत म्हणजे खर्चाची केवळ सुरुवात होय. त्यावर बांधणी, जहाजाचे भाडे व विमा चढतो आणि या सर्वांच्या बेरजेवर जकात आकारली जाते. शिवाय जुनी वाहने आणण्यावर आपल्याकडे बंधने आहेत. तयार होऊन तीन वर्षे उलटलेली गाडी सामान्यतः आणता येत नाही. जकातीच्या वर्गवारीत बर्फावरची वाहने आणि गोल्फच्या मैदानावरच्या गाड्या एकाच पोटकलमात बसविल्या आहेत, हे वाचून मला मौज वाटली.

परंतु खरी अडचण याहून निराळी आहे, आणि ती इतिहासात दिसते. १९११ साली कॅप्टन स्कॉटच्या दक्षिण ध्रुव मोहिमेत तीन मोटार-घसरगाड्या होत्या. एक जहाजातून उतरवितानाच बर्फ फुटून समुद्रात गेली. उरलेल्या दोन पुढे थोड्याच प्रवासात इंजिने बिघडून बंद पडल्या. त्या घडविण्यात ज्याचा मोठा वाटा होता, तो अभियंता स्केल्टन मोहिमेत घेतलेला नव्हता. याउलट सर एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचले ते तीन फर्ग्युसन ट्रॅक्टरांवर! शेतातलेच ट्रॅक्टर, चाकांवरून पट्टे चढविलेले. त्यांच्याबरोबर 'वीझल' ही युद्धकाळातली, मुद्दाम बर्फासाठी कल्पिलेली गाडीही होती. ती वाटेतच सोडून द्यावी लागली. फर्ग्युसन साधे होते आणि त्यांची नस ओळखणारे एलिस व बेट्स हे दोघे यंत्रज्ञ अखेरपर्यंत सोबत होते.

हे वाचले आणि मला आमच्या घरची गोष्ट उमगली. मी बारावीत असताना बाबांनी बैलजोडी विकून परजिल्ह्यातून एक जुना परदेशी बनावटीचा ट्रॅक्टर आणला. भाव चांगला होता, रंग नवा होता. मृगाचा पाऊस पडला आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या गिअरचे एक दातेरी चाक तुटले. देवळी, वर्धा, नागपूर, कुठेही ते मिळेना. ते यंत्र उघडून पाहिलेला मिस्त्रीही भेटेना. शेजारच्या काकांनी स्वतःची पेरणी आटोपून बैल दिले, तोवर वाफसा गेला होता. त्या वर्षी कपाशी निम्म्यावर आली आणि ताईचे लग्न एक वर्ष पुढे गेले. बाबा आजही त्या ट्रॅक्टरकडे पाहणे टाळतात.

आमचे एक साल गेले. पण शेजारी काका होते. अंटार्क्टिकाच्या हिवाळ्यात तुटलेल्या दात्यासाठी कुणाकडे जाणार? जहाज येते ते पुढच्या उन्हाळ्यात. म्हणून जुने यंत्र घेताना ते किती तास चालले, पट्टे व दातेरी चाके किती झिजली, हे तर पाहावेच. पण त्याआधी त्याचे सुटे भाग कुठे मिळतील आणि ते दुरुस्त कोण करील, हे विचारावे. याचे समाधानकारक उत्तर असेल तर जुने यंत्रही घ्यावे. नसेल तर फुकट मिळाले तरी नको.

सर, तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर हे असे आहे. ते द्यायला मला एक वर्ष लागले, बाबांना एक पेरणी.